शीळ घाल, मग गप्प बस

एकदा काय झालं, सकाळची वेळ होती. रानात तांबडे कुत्रे असतात ना, कोळसुंदे, त्यांची ही गोष्ट. ते गावातल्या कुत्र्यांसारखे भुंकत नाहीत, बरं का. हरवले की शीळ घालून एकमेकांना शोधतात.

तर त्यांची म्हातारी, तांबी, बिळापाशी नातवंडं राखत बसली होती. एक तिचा कान ओढत होतं, दुसरं शेपूट. रोजचंच.

तेवढ्यात टकाचोर पक्षी आला. फांदीवरूनच ओरडला, "तांबीबाई, तुमचा कळप फुटला! सांबरामागे धावले, नि ओढ्याला लोंढा आला. मुलगे अलीकडे, मुलगी पलीकडे!"

"आणि आमचे हे?"

"ते? ते सगळीकडेच दिसतायत, बाई."

तांबीनं डोळे मिटले. किती वेळा शिकवलं होतं! एक शीळ घालायची. मग गप्प बसून ऐकायचं. उत्तर आलं की त्या रोखानं निघायचं. एवढंच तर!

मग ती खडकावर चढली आणि तिनं पहिली शीळ घातली. झालं! चहूकडून सगळे एकदमच सुरू. कोण कुठे, काही कळेना. त्यात एक शीळ नुसती गोल गोल पळत होती. थांबायचं नाव नाही. ते म्हातारबाबा!

तांबीनं वाट पाहिली. दुपारी ओढा उतरला. मग तिनं दुसरी शीळ घातली. मुलगे आले, पाठोपाठ भिजलेली मुलगी आली.

"आई, कधीचे शीळ घालतोय आम्ही!"

"घालताय. ऐकताय कधी?"

"बाबांना शोधून आणतो."

"म्हणजे मी पुन्हा तुम्हाला शोधत बसू? बसा खाली!"

आणि ती गोल फिरणारी शीळ एकाएकी थांबली. रान चिडीचूप. दिवसभर तांबीला हेच तर हवं होतं. पण आता ती खडकाच्या अगदी कडेला जाऊन कान टवकारून उभी राहिली.

मग तिनं तिसरी शीळ घातली. अगदी बारीक. आणि ऐकत राहिली.

खालच्या करवंदीतून एक शीळ आली. एकच. मागोमाग लंगडत म्हातारा आला.

"दम संपला म्हणून थांबलो," तो म्हणाला, "तर तुझी शीळ ऐकू आली."

मग काय, सगळे एकमेकांना चिकटून सुखानं झोपले. तुम्हीही मिटा आता डोळे, पोरांनो. सरक गं जरा, मलाही आडवं होऊ दे.

आणि हो, तांबीनं म्हाताऱ्याला चांगलं लांबलचक रागवायचं ठरवलं होतं. पण तिच्या पाठीवर मान टाकून तो कधीच झोपला होता. ते रागवायचं तेवढं राहूनच गेलं.