डावीकडचा स्क्रीन

"पण सर, जो स्क्रीन टेबलावर नाहीच, तो आहे असं कॉम्प्युटर का धरून चालतो?" ओजसने विचारलं.

वझे सर उठले. चहा टाकायला आत गेले.

सर घरी ओजससारख्या मुलांना लिनक्स ही कॉम्प्युटर प्रणाली शिकवत. पूर्वी त्यांच्या टेबलावर दोन स्क्रीन होते. धड्याचं पान लिहून झालं की सर ते माउसने डाव्या स्क्रीनवर ढकलायचे. तिथे त्यांच्या पत्नी, सुलभाताई, ते तपासायच्या. ताई जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढे डावा स्क्रीनही बिघडला, गेला. ताईंची खुर्ची तेवढी राहिली. सर मात्र अजूनही पान डावीकडे ढकलत, आणि ते दिसेनासं होई.

ओजस हुशार होता, आणि हे त्याला जरा लवकरच कळलं होतं. चहा होईपर्यंत त्याने स्क्रीन चालवणारा जुना ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नवा टाकला. स्क्रीनच्या सेटिंगची फाईल उडवली, नवी लिहिली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

"झालं, सर! आता काही हरवणार नाही."

सरांनी कप खाली ठेवले.

"जुन्या फाईलची प्रत?"

हात लावण्याआधी प्रत काढायची, हा सरांचा पहिलाच धडा होता.

"नाही काढली. चुकीचीच होती ना ती."

"पहिली ओळ वाचलीस?"

"हो. 'डावीकडे मी आहे. हलवू नये.' नुसती टीप होती, सर. कॉम्प्युटर टिपा वाचत नाही."

"कॉम्प्युटर नाही वाचत…"

ओजसने स्क्रीनकडे पाहिलं.

"'मी' म्हणजे कोण, विचारलंस?"

"…तुम्ही लिहिली असेल असं वाटलं."

सरांनी मान हलवली. नाही.

ओजसचा चेहरा पडला. "मी परत लिहून देतो, सर. अगदी तशीच."

सर टेबलाशी गेले. आपल्या खुर्चीत बसले. सकाळचं अर्धवट पान पुरं केलं आणि सवयीने डावीकडे ढकललं.

माउसचा बाण कडेला अडला.

त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा अडला. ते बघवत नव्हतं.

चहावर साय धरली.

मग सरांनी डावीकडची खुर्ची पुढे ओढली. दोन वर्षांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

"बस," ते म्हणाले. "आता हे तुला वाचावं लागेल."