सगुणेचा खळगा

पाचकुंडी गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, देवळासमोरच्या खडकात एक खळगा आहे. परातीएवढा, आतून गुळगुळीत. पाहुणा आला की देवळाचे गुरव धाकूबाबा त्याला आधी देव दाखवतात, मग हा खळगा, आणि त्यात बसून बघायला लावतात. इथे कुणी छिन्नी चालवलेली नाही, हा सगुणेचा प्रताप आहे, असे ते सांगतात.

सगुणा म्हणे वाडीतली नावाजलेली फुगडीवाली. पुढे गुडघे धरले आणि खेळ सुटला. तोंडाचा पट्टा मात्र चालूच राहिला. तिला एकच मुलगा, भिवा. चैत्रात आंबे उतरवताना तो झाडावरून पडला आणि गेला. मागे राहिल्या सगुणा आणि तिची सून यसू. यसूच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

गाव मोठं मायाळू. दुखवटा असा पाळला की त्यांच्या दारावरून जाताना बायका बांगड्या वाजू देत नसत. जात्यावरच्या ओव्या थांबल्या. पोरं हसली तर धपाटे खाऊ लागली. सगुणेला आधी बरं वाटलं. पण यसू दिवसेंदिवस मिटत चालली. ताट बाजूला सारायची, भिंतीकडे बघत बसायची. लेक तर गेलाच, आता ही पोरही हातची जाणार, या धास्तीनं सगुणेची झोप उडाली.

गौरी आल्या. वाडीतल्या बायका पदर सावरत येऊन सांगून गेल्या, की तुमचं दुःख ते आमचं, यंदा फुगड्या नाहीत. सगुणेनं ऐकून घेतलं.

दुपारी आरतीला गाव जमलं, तर सगुणा सुनेला घेऊन सड्यावर हजर. दुखवट्यातलं घर वर्षभर देवळापुढे येत नसे. गावचा मानकरी हळूच म्हणाला, "सगुणाबाय, वरीस तरी सरू दे."

"वरीस सरंल, पन तवर ही पोर सरंल," सगुणा म्हणाली. "माझा भिवा हसत्या तोंडाचा व्हता. तेच्या नावानं गाव मुकं करू नका. यसू, हात दे."

यसूनं मान खाली घालून हात दिले. पहिले फेरे कसेबसे झाले. मग म्हातारीच्या पायांना जुना खेळ आठवला. ती अशी गरगरली की यसूलाही वेग धरावाच लागला. तेवढ्यात घामानं हात सुटले आणि सगुणा दणकन कातळावर बसली. देवळातली घंटा आपोआप वाजली म्हणे, आणि कातळ ओल्या मातीसारखा दबला.

सगळे जागच्या जागी थिजले. यसू धावली. "आत्याबाय, लागलं काय?"

"मला कशाला इचारतेस? कातळाला इचार."

यसूला हसू फुटलं. हसता हसता ती रडली, भिवा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली, आणि डोळे पुसून पुन्हा हसू लागली. सगुणाही तशीच बसून हसत रडत होती. मग कुठल्या बायका थांबतात? त्या संध्याकाळी वाडीत एकही चूल पेटली नाही आणि पुरुषांनी गूळपोह्यांवर भागवलं, असेही सांगतात.

पुढे सगुणेनंच चांगलं घर बघून यसूचा पाट लावून दिला. दर गौरीला यसू माहेरपणाला सगुणेकडेच यायची.

आजही वर्षभरात ज्या घरचं माणूस गेलं असेल, त्या घराला पाचकुंडीत गौरीचं बोलावणं सगळ्यात आधी जातं. पहिली फुगडी त्या घरची. मन होत नसेल तर कुणी ओढत नाही. शेजारीण नुसती दोन्ही हात पुढे करून उभी राहते.

धाकूबाबांची बायको गेली, त्या वर्षी त्यांच्या घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. शेजारीण हात पुढे करून उभी राहिली, तेव्हा धोतर खोचून ते स्वतःच उतरले, आणि दुसऱ्याच फेऱ्यात आपटले. अख्खा सडा हसला. आपणही हसलो, असे धाकूबाबा सांगतात, आणि घरी जाऊन किती दिवसांनी पोटभर जेवलो.