गुंता नसलेले केस

“पन केस सरळ होतीन असं एखादं तेल असते की नाही, बाईजी?”

रत्नप्रभाबाई काळमेघ हे ज्यांना विचारत होत्या, त्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

आमच्या महानुभाव आश्रमात तपस्विनी मुंडन करतात. देमाबाईजींनी तर अगदी कोवळ्या वयात संन्यास घेतलेला. लोक त्यांना शेताचं विचारत, सुनेचं विचारत, मरणाचंही विचारत. केसांचं विचारणारी ही पहिलीच. मी ओसरीवर डाळ निवडत होते, मला हसू आवरेना.

बाईजी हसल्या नाहीत.

“कोनाचे केस?”

“माह्या पोरीचे. चारूचे. कुरळे आहेत. टोपलं ठेवल्यासारखं डोकं दिसते.”

“कुठं आहे पोरगी?”

“ते काय, फाटकाजवळ. निंबाखाली. अमरावतीची बस पाहून राह्यली.” रत्नप्रभाबाईंनी पदर सारखा केला. “तिथून रेल्वेनं बंगळूर. गाडी रात्रीची हाये. दुपारच्या बसनंही जमलं असतं. पन सकाळच्याच बसनं निंघाली.”

रत्नप्रभाबाई गुरूकडे यायच्या त्या उत्तर बरोबर घेऊनच. प्रश्न नुसता सोबतीला असायचा. त्यात केसांचा विषय म्हणजे विचारूच नका. त्यांचे स्वतःचे केस सरळसोट, गुडघ्यापर्यंत. अंबाडा मानेवर मावत नसे. माका, जास्वंद, आवळा घालून त्या घरी तेल उकळायच्या आणि गावातली निम्मी डोकी त्या तेलावर पोसली होती.

आजही त्यांच्या हातात तेलाची बाटली होती.

“नेत नाही म्हनते. सारं गाव लावते माह्या हातचं तेल. पोटची पोर नाही लावत.”

“मंग केस सरळ होऊन काय होईन?”

“माह्यासारखे झाले तर...”

“तर?”

रत्नप्रभाबाई बाटलीचं झाकण नुसतं फिरवत राहिल्या. मी त्यांना ओळखते. या बाईला शब्द सापडत नाही असं सहसा होत नाही.

“तर मले इंचरता येतीन,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

“काल सांजेले आंगणात केस सोडून बसली होती. मी मागून गेली. हात लावला फक्त. तिनं मान आखडून घेतली, बाईजी. ‘राहू दे आई’ म्हनली. रागानं म्हनली असती तर बरं होतं. पाहुन्याले म्हनाव तसं म्हनली.”

बाईजी ऐकत होत्या.

“ती मले डोकं देत नाही,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

“लहानपनी कोन इंचरे?”

“मीच! दुसऱ्या कोनाले हात नाही लावू देला. शाळेच्या आंधी रोज फणी घेऊन बसवो तिले. चपचपीत तेल, चापूनचोपून दोन वेण्या. रडे, पन सोडलं नाही. तिच्या केसाले धक्का लागू देला नाही मी.”

“केसालेच लागला,” बाईजी म्हणाल्या.

रत्नप्रभाबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “राग मानू नका बाईजी, पन तुमाले काय समजते केसातलं?”

माझा हात सुपातच थांबला. बाईजींशी असं कुणी बोलत नाही.

बाईजींनी हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. त्या गुळगुळीत डोक्यावरून बोटं हळूहळू मागे नेली, कानामागे थांबवली.

“केस गेले,” त्या म्हणाल्या. “पन सांज झाली की माह्या मायचा हात अजून येते अठी. इतकी वर्सं झाली... येतेच.”

संन्याशानं असं बोलू नये म्हणतात. मला त्या क्षणी माझी आई इतकी आठवली की सुपातली डाळ दिसेना.

“पोरीले बलाव,” बाईजी मला म्हणाल्या.

चारू आली. बॅग ओसरीच्या खांबाला टेकवली, “दंडवत” म्हणून खाली बसली. आईपासून जरा लांबच. सकाळी न्हालेली होती. केस ओले, वळ्यावळ्यांचे, खांद्यावर थेंब गळत होते.

“ओल्या केसानंच निंघाली?”

“ओले असतात तेव्हाच ऐकतात, बाईजी. कोरडे झाले की हात लावायचा नाही.”

“कसे इंचरते?”

चारूनं मान वर केली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नसावा.

“आधी बोटांनी. शेंड्यापासून. शेंडा सुटला की थोडं वर, तो सुटला की आणखी थोडं वर. मुळाशी सगळ्यात शेवटी.” ती जमिनीकडे बघत बोलत होती. “वरून कंगवा ओढला तर सगळा गुंता खाली जाऊन एकच गाठ होते. मग केस तुटतात. डोळ्यांतून पाणी येतं.”

रत्नप्रभाबाईंनी बाटली या हातातून त्या हातात घेतली.

“अन् तेल?”

“मुळाला कमीच लागतं. वळणावळणानं ते खाली उतरतच नाही, शेंडे उपाशी राहतात. म्हणून शेंड्यांनाच लावायचं. ओल्या केसांवर, थोडंसं.”

“मले काय मालूम,” रत्नप्रभाबाई एकदम म्हणाल्या. “माह्या डोक्यावर तेल टाकलं की आपोआप खालपर्यंत जाते. मले वाटलं, सगळ्यायचंच जाते.”

निंबावर कावळा ओरडत होता, तो ओरडत राहिला.

“कोनी शिकवलं तुले हे?” बाईजींनी विचारलं.

“कोणी नाही. तुटत तुटत शिकली.”

“पुसते कायनं?”

“टॉवेलनं घासायचे नसतात. जुन्या लुगड्याचा तुकडा आहे, सुती. त्यात नुसते दाबून धरायचे.”

“कोनाचं लुगडं?”

“आईचं.”

रत्नप्रभाबाईंनी झटकन वर पाहिलं. “कोनतं?”

“हिरवं.” चारू अजून जमिनीकडेच बघत होती. “तुले सापडत नव्हतं ते.”

त्या लुगड्यासाठी रत्नप्रभाबाईंनी धुणंवालीशी भांडण काढलं होतं. आख्ख्या गावाला ठाऊक आहे. आता त्यांनी तेलाची बाटली हळूच बाजूला ठेवली.

“बस याले वेळ हाये?” बाईजींनी विचारलं.

“आहे थोडा.”

“मंग रत्नप्रभा, अंबाडा सोड.”

“अठी?”

“सोड.”

“बाईजी, माह्ये केस मीच इंचरते. कोनी हात लावलेला चालत नाही मले.”

बाईजी नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या बघण्यापुढे मोठमोठे पाटील वरमलेले मी पाहिले आहेत.

रत्नप्रभाबाईंनी आकडे काढले. अंबाडा सुटला, केस पाठीवरून घसरत थेट जमिनीवर आले. त्यात आता किती पांढरे होते, ते अंबाड्यात कधी दिसलंच नव्हतं. चारूलाही ते दिसलं असावं. ती बघतच राहिली.

“चारू, मायचे केस इंचर.”

“मला सरळ केसांचं नाही येत, बाईजी.”

“तुले येते तसं कर.”

चारू आईच्या मागे जाऊन बसली. रत्नप्रभाबाईंनी पिशवीतून कंगवा काढून मागे धरला, तिनं तो घेतला नाही. तिनं जमिनीवरचे केसांचे शेंडे उचलून ओंजळीत घेतले आणि बोटांनी एकेक बट वेगळी करायला लागली. हळू. अगदी हळू.

“अवं, त्याच्यात गुंता नसते,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “वरून एकडाव कंगवा ओढला का...”

बाईजींनी ओठावर बोट ठेवलं.

चारूची बोटं थांबली नाहीत. कुणाचं दुखू नये म्हणून जसे हात चालतात, तसे तिचे हात चालले होते. जिथं गुंता नव्हता तिथंही ती जरा थबकायची, चाचपायची, मगच पुढे जायची.

रत्नप्रभाबाईंचे खांदे मात्र वर चढलेलेच होते. झटका बसणार म्हणून जणू त्या तयारीत बसल्या होत्या. झटका बसेना... तेव्हा हळूहळू खांदे खाली आले. कंगवा मांडीवर पडला. डोळे आपोआप मिटले.

मी बघत होते. अंबाडा सुटल्यावर ती बाई एवढीशी दिसत होती. तिची वेणी शेवटची कुणी घातली असेल? तिच्या आईनं, लग्नाच्या दिवशी?

चारू वाकली तसे तिच्या केसांतले थेंब आईच्या मानेवर पडले. रत्नप्रभाबाईंचा हात मागे गेला. मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, हात मध्येच अडला. हवेत तसाच राहिला.

चारूनं मान किंचित पुढे केली.

त्या हाताला एका बटेचा शेंडा लागला. रत्नप्रभाबाईंनी तेवढाच धरला. ओढला नाही, वर सरकल्या नाहीत. नुसता दोन बोटांत धरून बसल्या, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“बाईजी,” त्या म्हणाल्या, “माह्या केसात तर गुंताच नाही. मंग ही काय सोडवून राह्यली?”

फाटकापाशी बसचा हॉर्न वाजला. चारूच्या खांबाला टेकवलेल्या बॅगेकडे मी पाहिलं. चारूनं पाहिलं नाही.

हॉर्न पुन्हा वाजला. मी सूप बाजूला ठेवून उठले. कंडक्टर दारातून ओणवून ओरडत होता, “कोनी येऊन राह्यलं का वो बाई? का निंघू?”

मी बाईजींकडे वळून पाहिलं.

“जाऊ दे म्हन त्याले,” बाईजी म्हणाल्या. “पोरगी अजून शेंड्यालेच हाये. मुळापर्यंत याले वेळ लागते.”