घंगाळावरची खूण

"मग या तीसपैकी एकही नाही?"

हेरंबने दुकानासाठी काढलेल्या लोगोंचे कागद भिकोबांच्या पुढ्यात पसरले होते. भिकोबांनी ते हाताने चाचपले आणि बाजूला सारले. दोन वर्षांपासून त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. हेरंबला ते ठाऊक होतं, तरी चित्रं रंगीत काढून आणली होती.

भिकोबांनी साठ वर्षं तांबट आळीत भांड्यांवर नावं घातली. लग्नाची तारीख, मुलीचं नाव, मामाकडून सप्रेम भेट. हेरंब लहानपणी त्यांच्याकडेच नक्षी शिकला. मग शहरात जाऊन डिझाइनचा कोर्स केला. वडील, म्हणजे आबा, वारल्यावर दुकान सांभाळायला परत आला, तेव्हा आपल्याला गुरूपेक्षा चार गोष्टी जास्त कळतात ही खात्रीही सोबत घेऊन आला.

"एकात सूर्य आहे, काका. एकात आमचं अक्षर वेलीत गुंफलंय. एकात हातोडा."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? चित्र आहे ते."

"तू धरलायस कधी?"

हेरंबने हातोड्याचा कागद खाली ठेवला. त्याच्या दुकानात माल आता कारखान्यातून यायचा.

"काका, लोक येतात. भांड्यावर हात फिरवतात, ठेवतात आणि निघून जातात. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत शटर ओढावं लागेल. मालावर काही ओळख नको? आबांनी तर साधं नावसुद्धा घातलं नाही कधी."

"मी म्हणालो होतो त्याला. घालून देतो म्हटलं, फुकट."

"मग?"

"हसला नुसता..."

भिकोबांनी कागद अजून लांब सारले. मग म्हणाले, "त्याच्या हातचं काही उरलंय?"

"एक घंगाळ आहे. शेवटचं. बाकीची..."

बाकीची हेरंबनेच घालवली होती. मागच्या वर्षी त्याने योजना काढली, जुनं तांबं मोडीत द्या, नवं भांडं न्या. सगळा तालुका लोटला. आबांनी चाळीस वर्षांत घडवलेलं सारं तीन टेम्पो भरून भट्टीत गेलं. तेव्हा त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

"घंगाळ घेऊन ये," भिकोबा म्हणाले. "तुझा लोगो उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी हेरंब आनंदात आला. काका पहिली खूण घंगाळावरच कोरून घेणार, अशी त्याची समजूत.

भिकोबांनी हात धुतले, कोरडे केले. घंगाळ मांडीवर घेतलं.

तळवा एकदा फिरला... थांबला. पुन्हा फिरला, सावकाश.

"हे कुणाचं?"

"आबांचं."

"नाही."

"आबांचंच, काका! पॉलिशवाल्याकडून चाकावर घासून आणलंय. हातोड्याचे सगळे ठोके दिसत होते हो. तेही वेडेवाकडे. त्यावर लोगो बसला नसता."

भिकोबांचा हात घंगाळावर तसाच राहिला.



त्यांनी हेरंबचा हात ओढून घेतला. त्याच्या तळव्यावर बोटाने ठोके दिले. सहा सारखे. सातवा हलका. पुन्हा सहा. सातवा हलका.

"तरुणपणी खांदा निखळला होता तुझ्या बापाचा. दर सातव्या ठोक्याला हात कच खायचा. जन्मभर लाजला त्यापायी."

हेरंबने घंगाळाकडे पाहिलं. त्यात त्याचं तोंड लख्ख दिसत होतं.

"म्हणजे लोक हात फिरवून..."

"तो सातवा ठोका शोधतात."

 मग हेरंब रडू लागला. मोठ्या माणसाचं रडणं, आवाज दाबून केलेलं.

"मी शिकतो, काका. उद्यापासून हातोडा धरतो."

"कुणाकडून?"

आळीत आता ठोके घालणारं कुणी उरलं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

"काल सांगायला हवं होतं मी," भिकोबा म्हणाले. "मला वाटलं, घंगाळ आणताना तुझं बोट आपोआप त्या ठोक्यावर जाईल... चुकलंच माझं. आणि खरं सांगू? मलाही एकदा हात लावायचा होता."

हेरंबने कालपासून तिथेच पडलेले कागद गोळा केले. उठला, पण दारातून पाऊल निघेना.

"मग आता काय करू?"

भिकोबांनी हात पुढे केला. हेरंबने कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी त्यातला एक न चाचपता ओढला आणि त्याच्यापुढे धरला.

"हा लोगो घाल. मोठा घाल. आता लागेल."