पडणाऱ्याला प्रवेश नाही

कोल्हापुरात बर्फ दिसतो तो सरबताच्या गाडीवर. पण मालनकाकू इंगवल्यांना लेकीबरोबर औलीला स्कीइंगला जायचं होतं, आणि लेकीनं बजावलं होतं, "आई, आधी चांगल्या कोचकडं तयारी कर, नाहीतर तुझं तिकीट रद्द."

असा क्लास गावात एकच, रणधीर सरांचा. सर औलीत रीतसर शिकून आलेले, आणि ते कुणाला विसरू देत नसत. प्रवेशाआधी ते प्रत्येकाला डुगडुगत्या फळीवर उभं करत. जो पडला, तो घरी. त्या दिवशी चांगली तरणीताठी पोरं तोंड पाडून दाराशी उभी होती.

काकू फळीवर चढल्या. फळी कलंडली तशा त्या अंग सैल सोडून कुशीवर पडल्या, लोळण घेतली आणि ओढणी सारखी करत उभ्या राहिल्या.

"पडलात, काकू. या आता," सर म्हणाले.

"मी कबड्डी खेळलेली आहे, सर. आमच्या मास्तरांनी आधी पडायलाच शिकवलं. तुम्ही कधी शिकवणार?"

"मी कशाला शिकवू? माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस पडतच नाही!"

"ते खरं हो," काकू म्हणाल्या, "पण बर्फ कुठं तुमच्या हाताखाली तयार झालाय?"

दारातली पोरं खदखदून हसली. सरांचा हात मात्र नकळत गुडघ्याकडं गेला. औलीहून परतताना तो गुडघा प्लॅस्टरमध्ये होता, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी पोरांना आत बोलावलं, फळी बाजूला सारली आणि जाड गादी अंथरली.

"काकू," ते हळूच म्हणाले, "ते कुशीवर पडणं आधी मला दाखवा."