भिडेखातर केलेली सही

एकदा एका तरुण वकिलावर मोठा बिकट प्रसंग आला. ज्या गुरुजींनी त्याचा हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेतली होती, त्यांचीच भर न्यायालयात उलटतपासणी घेण्याची वेळ त्याच्यावर आली.

खटला घरफोडीचा होता. गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या घरातून चांदीची समई आणि दोन तबके चोरीला गेली होती. कुलूप न तुटता उघडलेले होते, म्हणून बाजारपेठेत किल्ल्या करून देणाऱ्या कारागिरावर संशय गेला. ज्याला कुलूप उघडता येते त्यानेच ते उघडले असणार, असे ठरवायला गावाला अर्धा दिवससुद्धा लागला नाही; अशा बाबतीत गाव भलतेच तत्पर असते. पोलिसांनी किल्लीवाल्याच्या घराची झडती घेतली, पत्र्याच्या पेटीमागून समई निघाली असा पंचनामा लिहिला आणि त्याखाली पंच म्हणून दोघांच्या सह्या घेतल्या. त्यांतला एक पुढे गाव सोडून गेला. दुसरे हे गुरुजी. ते खोटे बोलतील असे त्यांच्या शत्रूनेही म्हटले नसते, अर्थात त्यांना शत्रूच नव्हता.

जामिनाला कोणी उभे राहिना, म्हणून किल्लीवाला चौदा महिने तुरुंगात होता. तो पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होता. समई आपल्या घरात नव्हतीच, आपण ती पहिल्यांदा पाहिली ती पोलिसांच्या गाडीत. त्याचे वकीलपत्र गावातल्या एका वयोवृद्ध वकिलांनी घेतले होते. सारे त्यांना आबासाहेब म्हणत, आणि आपला हा तरुण त्यांचाच शिष्य; गुरुजींची उलटतपासणी त्यांनी त्याच्यावरच सोपवली होती.

साक्षीच्या दिवशी सकाळी शिष्याने कचेरीत पाऊल टाकले तेच मुळी तक्रार घेऊन. गुरुजींना आपण प्रश्न विचारणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्यांना खोटे ठरवायला आपली जीभ रेटणार नाही. शिवाय त्यांनी सही केली आहे म्हणजे समई तिथे होतीच, आपणच चोराची बाजू घेऊन बसलो आहोत. आबासाहेब कागदांत डोके घालून ऐकत होते. मधेच त्यांनी एक कागद पुढे सरकवला आणि घाई आहे, एवढ्यावर साक्षीदार म्हणून सही कर, असे म्हणाले. शिष्याने बोलता बोलताच सही ठोकली आणि आपले म्हणणे पुढे चालू ठेवले. आबासाहेबांनी कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि मग दोघे न्यायालयात गेले.

गुरुजी पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवून सही त्यांचीच का, असे विचारले. गुरुजी होय म्हणाले. मजकूर बरोबर आहे का? यावर ते क्षणभर थांबले आणि पुन्हा होय म्हणाले. मागे आरोपीच्या जागी उभ्या असलेल्या किल्लीवाल्याने डोळे मिटून घेतले. त्या एका शब्दावर त्याची पुढची काही वर्षे जाणार, हे त्याला कळत होते आणि शिष्यालाही.

उलटतपासणी आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले. शिष्य उठला. ‘प्रश्न नाहीत’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले, तोच आबासाहेबांनी तो घडी केलेला कागद त्याच्या हातात ठेवला आणि न्यायाधीशांकडे पाच मिनिटे मागून घेतली.

शिष्याने व्हरांड्यात येऊन कागद उघडला. त्यावर लिहिले होते: आज सकाळी साडेदहा वाजता आरोपीच्या पत्नीने आमच्या समक्ष कबूल केले की, समई तिच्या नवऱ्यानेच चोरली. खाली त्याची स्वतःची, चांगली वळणदार सही.

समोरच बाकावर किल्लीवाल्याची बायको बसली होती. आजवर तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता.

“आबासाहेब, हे मी वाचलंच नव्हतं,” तो कसाबसा म्हणाला.

“मग तू खोटारडा आहेस का?”

“नाही. तुम्ही दिलात म्हणून केली सही.”

आबासाहेबांनी त्याच्या हातून कागद घेऊन फाडून टाकला. मग शांतपणे म्हणाले, “हे बघ, सज्जन माणसाच्या सहीला आपण त्याच्या डोळ्यांची साक्ष समजतो. पुष्कळदा ती फक्त त्याच्या भिडेची साक्ष असते. तू माझ्या भिडेखातर सही केलीस. गुरुजींनी कशी केली, ते मला ठाऊक नाही. समई त्या घरात होती की नव्हती, तेही मला ठाऊक नाही. तुलाही नाही. तरी तू सकाळपासून निकाल देऊन मोकळा झाला आहेस. गुरुजींना खोटं ठरवू नकोस. त्यांनी काय पाहिलं, एवढंच विचार.”

शिष्य परत आत गेला. त्याने आधी गुरुजींना वाकून नमस्कार केला; न्यायाधीशांनी त्याकडे दुर्लक्ष केले.

“गुरुजी, झडतीच्या वेळी तुम्ही कुठे उभे होता?”

“गल्लीच्या तोंडाशी. पोलिसांच्या गाडीपाशी.”

“किल्लीवाल्याच्या घरात तुम्ही गेला होता का?”

सरकारी वकिलांनी मान वर केली. गुरुजींनी आरोपीकडे पाहिले आणि पुष्कळ वेळ पाहतच राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “शाळेची वेळ झाली होती. पोलिसांचे साहेब म्हणाले, तुमच्यासारख्याची सही असली की बरं. कागद लिहून तयार होता, मी सही केली. समई गाडीतच होती. ती कुठून आणली, ते मी पाहिलेलं नाही.”

न्यायाधीशांनी ते उत्तर शब्दन् शब्द लिहून घेतले. त्या पंचनाम्याखेरीज आरोपीविरुद्ध दुसरे काही नव्हते. आठवड्याने निकाल लागला आणि किल्लीवाला सुटला.

परंतु शिष्याला जे समजायचे ते त्याच दुपारी समजले होते. साक्ष संपल्यावर गुरुजी व्हरांड्यात एकटेच उभे होते. आपण त्यांची चारचौघांत शोभा केली, या विचाराने शिष्याला त्यांच्याकडे पाहवेना. तो जवळ गेला आणि हात जोडून म्हणाला, “गुरुजी, मला क्षमा करा. तुम्हाला असं विचारायला नको होतं.”

गुरुजींचे डोळे भरून आले होते.

“चौदा महिने मला धड झोप नाही रे,” ते म्हणाले. “आपणहून सांगायचा धीर होत नव्हता. आणि विचारलं मात्र कोणीच नाही.”