बहाव्याचे बारसे

एकदा एका गजबजलेल्या बाजारपेठेच्या गल्लीत एक वृद्ध गुरुजी आपल्या शिष्यासह राहत असत. शिष्य मोठा निष्ठावान होता, आणि निष्ठावान माणसे असतात तसा थोडा तिरसटही. गल्लीत फुलपाखरे परत यावीत म्हणून त्याने बहाव्याची रोपे लावली, भोवती काटेरी कुंपण घातले आणि वर पाटी टांगली : 'हात लावाल तर याद राखा!'

लोकांनी हात लावला नाही. पाणीही घातले नाही. मिठाईवाले झुंबरशेठ कढया धुतलेले कढत पाणी खुशाल कुंपणावरून भिरकावीत. पहिल्या मजल्यावरच्या दुर्गाकाकू खिडकीतून केर टाकीत. 'झाड जगलं तरच फुलपाखरं येतील!' असे ओरडत शिष्य दोघांशी कडाकडा भांडे. रोपे मात्र वाळत गेली. अखेर एकच उरले, आणि उन्हाळा तोंडावर आला.

"गुरुजी, हेही गेलं तर मी पुन्हा कुदळ उचलणार नाही," तो रडवेला होऊन म्हणाला.

गुरुजी उठले. त्यांनी पाटी काढली, कुंपण उपटले आणि साऱ्या गल्लीला रोपाच्या बारशाचे आमंत्रण दिले. म्हाताऱ्याला चळ लागला, असेच शिष्याला वाटले.

सायंकाळी रोपाला इवलीशी कुंची चढली. शेठ मामा ठरले, काकू आत्या. "इश्श, झाडाची कसली आत्या!" म्हणत काकू वाकल्या, पानांशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केले आणि नाव ठेवले सोनबा. रीतीप्रमाणे पोरांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. शेठनी घुगऱ्या वाटल्या.

त्या उन्हाळ्यात सोनबाची माती कधी सुकली नाही. काकू तांदूळ धुतलेले पाणी घेऊन खाली उतरत. शेठनी कढयांचे पाणी मुकाट्याने मोरीकडे वळवले. मग एके सकाळी पाने कुरतडलेली दिसली. हिरव्या अळ्या! शेठ औषधाचा पंप घेऊन धावले. शिष्य तोंड उघडणार, तोच काकू आडव्या आल्या.

"खबरदार, शेठ! भाच्याकडे पाहुणे जेवायला आलेत. चार पानं गेली म्हणून तो काय उपाशी मरतोय? यांचीच फुलपाखरं व्हायची आहेत, विचारा गुरुजींना."

"मग आधी सांगायचं ना, ताई," शेठ ओशाळले.

शिष्य थक्क झाला. "गुरुजी, मी तर हेच घसा फोडून सांगत होतो!"

"सांगत होतास, पण तुझ्या झाडाविषयी," गुरुजी मायेने म्हणाले. "बाळा, कुंपण घालून तू झाड आत घेतलंस आणि गल्ली बाहेर ठेवलीस. परक्याच्या झाडाला कोण पाणी घालतं? मी फक्त नातं लावून दिलं. माया त्यांच्यापाशी होतीच."

काही दिवसांनी एक फिकट पिवळे फुलपाखरू सोनबावरून उडाले. वरून काकूंची हाक आली, "अहो शेठ, धावा! आपलं पहिलं उडालं!"

'आपलं' हा शब्द ऐकून शिष्याचे डोळे भरून आले. त्याच्या नावाची आठवण कोणालाच झाली नव्हती, आणि त्याला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

दारातल्या झाडाचे आपण कोण लागतो, हे प्रत्येकाने एकदा ठरवून टाकावे.